पिंट्याची राखण

"म्हणजे कुत्रा आजारी नाही? माणूस आजारी?" लियांगने विचारलं.

"माणूस. फार आजारी माणसाला इंग्रजीत म्हणतात, कुत्र्यासारखा आजारी."

"पण कुत्र्यासारखा म्हणजे कसा? कुत्रा आजारी पडला की काय करतो?"

"म्हणीच्या पोटात इतकं शिरू नये, लियांग. तिथे काही सापडत नाही."

बाकीचे चौघे हसले. लियांग हसला नाही. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, मान खाली घालून काम करणारा माणूस. एरवी वर्गात त्याच्या तोंडून एक शब्द काढायचा तर मलाच घाम फुटायचा. पण गेले दोन दिवस तो फक्त कुत्र्याबद्दल विचारत होता आणि थांबत नव्हता. शेवटी कंटाळून मी त्या दिवशीचा सगळा धडाच ‘डॉग’ या एका शब्दावर घेतला होता.

ही गोष्ट शिरवळची, पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. हायवेपासून आत बाटल्यांचा एक नवा कारखाना उभा राहत होता आणि काचेची भट्टी बसवायला चीनहून पाच फिटर आले होते. माझा गावात हार्डवेअरच्या दुकानाच्या वर स्पोकन इंग्लिशचा क्लास होता. कंपनीने मला बोलावून सांगितलं, यांना कामापुरतं इंग्रजी शिकवा. दुपारी कॅन्टीनशेजारच्या खोलीत वर्ग भरायचा. कामगार मला इंग्लिशबाई म्हणायचे आणि ते पाच जण लाओशी, म्हणजे गुरुजी. आमच्या घरात मला इतक्या मानाने कोणी हाक मारत नव्हतं.

फळ्यावर मी कुत्र्याचं चित्र काढलं होतं. माझा हात चित्रकलेचा नाही, त्यामुळे कान सशाचे झाले होते. त्याच्याभोवती शब्द लिहिले होते. इंग्रजीने या जनावराला चांगलंच राबवून घेतलं आहे. जिंकतो तो टॉप डॉग, हरणार असं सगळे धरून चालतात तो अंडरडॉग, नशीब फळफळलं तो लकी डॉग, आणि उन्हाने जीव नकोसा होतो ते दिवस डॉग डेज. बायकोची बोलणी खाऊन कोपऱ्यात बसलेला नवरा कुत्र्याच्या घरात. हे ऐकून त्यांचा म्होरक्या ग्वो पोट धरून हसला. तो म्हणाला, नसत्या उठाठेवी करणाऱ्याला आम्ही उंदीर पकडणारा कुत्रा म्हणतो, कारण उंदीर हे मांजराचं काम. मी म्हटलं, आमच्याकडे कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. एकंदरीत तिन्ही भाषांत बिचाऱ्याबद्दल कोणी बरं बोलत नव्हतं.

"भुंकणारा कुत्रा चावत नाही, असं इंग्रजीत म्हणतात. आमच्याकडेही म्हणतात," मी सांगितलं.

"आम्ही उलट्या बाजूने म्हणतो," ग्वो म्हणाला. "चावणारा कुत्रा भुंकत नाही."

"बरोबर," लियांग हळूच म्हणाला. "अजिबात नाही भुंकत."

मी त्यांच्याबरोबर हसत होते, पण माझा एक डोळा खोलीच्या काचेवर होता. कारण येताना गेटवर जे झालं होतं ते काही डोक्यातून जात नव्हतं.

गेटवर मला कोंडेने अडवलं होतं. संदीप कोंडे, पॅकिंगचा कामगार. तिशीच्या आतला, तापट, पण मनाचा वाईट नव्हे. त्याच्या मागे सात-आठ जण उभे होते.

"मॅडम, पिंट्या कुठंय ते विचारा जरा तुमच्या विद्यार्थ्यांना."

पिंट्या म्हणजे गेटवरचा तांबडा कुत्रा. साहेबांनी त्याला हाकलायला दोनदा सांगितलं होतं, पण वॉचमन खुटवडमामा दरवेळी हो म्हणायचे आणि त्याला केबिनमागे लपवायचे. अख्ख्या पाळीच्या डब्यातली शेवटची चतकोर भाकरी पिंट्याची असायची. कोंडे तर त्याच्यासाठी घरून मटणाची हाडं बांधून आणायचा.

"त्यांना काय माहीत असणार?" मी म्हटलं.

"परवापासनं पिंट्या गायब आहे. आणि तो लियांग कॅन्टीनमधनं दूधभात घेऊन त्यांच्या क्वार्टरच्या मागं जातो, हे चार जणांनी बघितलंय. कशाला नेत असंल? कापायच्या आधी पुष्ट करायला?"

"काहीतरी बोलू नका, कोंडे."

"मी काहीतरी बोलतोय? सगळ्या जगाला माहितीय ते काय खातात."

शेजारच्या गल्लीत काय शिजतं ते आपल्याला ठाऊक नसतं, पण चीनमध्ये काय शिजतं ते सगळ्यांना तोंडपाठ. हे मी बोलले नाही. मी खुटवडमामांकडे पाहिलं. साठीच्या घरातला माणूस, सगळ्या गेटचा मामा. ते स्टुलावर बसून होते.

"घावंल की," ते म्हणाले. "जातंय कुठं." आणि त्यांनी तोंड फिरवलं.

आता पाळी सुटली होती. काचेपलीकडून माणसं जाऊ लागली, आणि जाता जाता थबकू लागली. त्यांना काय दिसत होतं ते माझ्या फार उशिरा लक्षात आलं. फळ्यावर भलामोठा कुत्रा, आणि त्याच्यासमोर पोट धरून हसणारे चिनी.

मी डस्टर उचललं तोवर दार उघडलं होतं. कोंडे आत आला. त्याच्या हातात पाना होता. मागे दार भरून माणसं.

"पिंट्या कुठंय?" त्याने मला नव्हे, ग्वोला विचारलं, आणि फळ्यावर पाना आपटला.

ग्वो उभा राहिला आणि त्यांच्या भाषेत ओरडला. बाकीचे तिघे भिंतीला सरकले.  एक शब्द इकडचा तिकडे झाला तर इथे डोकी फुटणार होती, आणि दोन्हीकडच्यांशी बोलू शकणारी त्या खोलीत मी एकटी होते.

तेवढ्यात लियांग उठला. "लाओशी," तो म्हणाला, "त्यांना सांगा, कुत्रा माझ्याकडे आहे. जिवंत आहे. चला."

क्वार्टरच्या मागे बांधकामाच्या वेळचं जुनं पंपघर होतं. आता ते बंद असायचं. एप्रिलचं ऊन माथ्यावर घेऊन लियांग पुढे, मी त्याच्या मागे आणि माझ्या मागे तीस-चाळीस माणसं. त्यात खुटवडमामाही गेट सोडून आले होते. पंपघराच्या दाराला कुलूप होतं. लियांग दारापाशी पोचला, वळला, आणि कुलूप काढायचं सोडून दाराला पाठ लावून दोन्ही हात पसरून उभा राहिला.

"नो ओपन," तो म्हणाला.

"चावी काढ," कोंडे म्हणाला.

"नो. टेन डेज. नो ओपन."

"ऐकलंत?" मागून कोणीतरी ओरडलं. "दहा दिवस पोसून मग खाणार!"

पहिला दगड दाराच्या पत्र्यावर लागला. दुसरा लियांगच्या खांद्यावर. तो हलला नाही. मी मध्ये घुसले आणि माझ्या अंगात नसलेला आवाज काढून ओरडले, "एक दगड अजून मारलात तर मी इथेच उभी राहीन, मग मला मारा!" बाईमाणसाला दगड लागेल या भीतीने हात थांबले. मी लियांगकडे वळले.

"दहा दिवस कशाचे?"

"कुत्रा दहा दिवस जिवंत, तर माणूस जिवंत."

"कोणी सांगितलं हे?"

 त्याची नजर गर्दीवरून खुटवडमामांकडे गेली आणि लगेच खाली आली. मला तेव्हा कुठे एक गोष्ट दिसली. एरवी कोपरापर्यंत बाह्या दुमडून काम करणारा हा माणूस त्या भाजणाऱ्या उन्हात मनगटापर्यंत गुंड्या लावून उभा होता.

"बाही वर करा."

त्याने मान हलवली. मी त्याचा हात धरला आणि गुंडी मीच काढली.

मनगटाच्या वर दात रुतलेले होते. भोकं खोल होती. त्यांच्यावर चुना आणि हळद थापून वाळलेली, आणि कडेचं मांस लालभडक सुजलेलं.

मागच्यांनी हातातले दगड खाली टाकले.

"चुना म्याच लावला," खुटवडमामा पुढे आले.  "पिंट्या चावला त्याला. आवं बाई, आमच्याकडं समदीच असं करत्यात. कुत्र्याव नजर ठिवायची. धा दिस जगलं तर मानसाला काय हुत न्हाई. म्या त्याला बोटं दावून तेवढंच सांगितलं. बघ म्हनलं नुसतं."

मामांनी बघ म्हणून सांगितलं होतं. याने कुत्रा जगवायला घेतला होता. कुत्रा दहा दिवस तगला तर कळतं की तो पिसाळलेला नव्हता, एवढाच त्या राखणीचा अर्थ. लियांगला वाटलं होतं, आपला जीव त्या कुत्र्याच्या जिवाला बांधलेला आहे. तो दहा दिवस जगवला की आपण सुटलो. म्हणून तो दोन वेळा त्याला दूधभात भरवत होता. आपल्या हाताने.

मी पंपघराच्या जाळीला डोळा लावला.

पिंट्या कोपऱ्यात उभा होता. मागचे पाय एकमेकांत अडकत होते. खालचा जबडा लोंबत होता आणि लाळेची तार जमिनीपर्यंत गेली होती. समोर पाण्याचं भांडं काठोकाठ भरलेलं, दूधभाताची ताटली न शिवलेली. तो भुंकायला गेला तर घशातून भलताच, चिरका आवाज आला. आजारी कुत्रा काय करतो, जेवत नाही का, हे लियांग का विचारत होता ते मला आता कळलं.

"बाजूला व्हा, मॅडम." कोंडेने जाळीशी तोंड नेलं. "पिंट्या. ए पिंट्या. ये बाळा."

पिंट्या त्या आवाजाच्या दिशेने सुटला आणि जाळीवर आदळला. दात तारेत रुतले. कोंडे मागे पडला. तो उठला तेव्हा त्याच्या हातात पाना नव्हता.

"हा आपला पिंट्या न्हाई," तो म्हणाला आणि तिथेच रडायला लागला. कोणी त्याला हसलं नाही.

आता मला लियांगला हलवायचं होतं, आणि तो काही हलेना.

"दवाखान्यात चला. आत्ताच्या आत्ता."

"नाही. मी गेलो तर कुत्रा मरेल."

"कुत्रा मरणारच आहे, लियांग."

"मग मीही."

"नाही हो! त्याच्यासाठी इंजेक्शन असतं. वेळेत घेतलं तर माणूस वाचतो. कुत्रा जगो नाहीतर मरो."

"मामांनी इंजेक्शन नाही सांगितलं. मामा म्हातारे आहेत, त्यांना माहीत." तो दाराला आणखी चिकटला. मी परोपरीने सांगितलं, मग रागावले, मग हात जोडले. भिंतीला सांगितल्यासारखं. मामांच्या समोर मामांना खोटं ठरवायला मी निघाले होते, आणि मामा मान खाली घालून उभे होते. त्यांच्या तोंडून मला आधाराचा एक शब्द मिळेना.

कोंडेने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. "काय म्हणतोय तो?"

मी सांगितलं.

कोंडे गेला, बाजूला पडलेला रंगाचा रिकामा डबा घेऊन आला, दारासमोर पालथा घातला आणि त्यावर बसला. "त्याला सांगा, मी बसतो. दारही उघडणार न्हाई आणि हलणारही न्हाई. पिंट्या माझाच आहे म्हणावं. त्याच्यापेक्षा मी जास्त बघीन."

मी शब्दन् शब्द सांगितला.  ज्याने थोड्या वेळापूर्वी पाना उगारला होता त्याच माणसाच्या हातात त्याने कुलपाची चावी ठेवली.

कॅन्टीनवाल्याच्या गाडीत आम्ही बसलो. खुटवडमामा न विचारता मागे चढले. मी म्हटलं, मामा, गेटवर कोण? ते म्हणाले, गेटाला आग लागू दे. कात्रजच्या घाटात ट्रकांची रांग लागलेली. लियांग सारखा विचारायचा, "कुत्रा बरा?" मी म्हणायचे, "कोंडे आहे तिथे." मामा खिडकीतून बाहेर बघत होते आणि एक हात नडगीवरून फिरवत होते.

पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, चष्म्यावरून डोळे वटारणाऱ्या. त्यांनी हात बघितला आणि विचारलं, "हा चुना कोणी फासला?" मामा दारापाशी सरकले. नर्सने लियांगचा हात नळाखाली धरून साबणाने धुतला, धुतच राहिली. त्याच्या कपाळावर शिरा उभ्या राहिल्या, पण तो हूं की चूं करेना.

"अजून उशीर झालेला नाही," बाई म्हणाल्या. "आत्ता जखमेभोवती टोचायचं, मग लशीचे डोस. एकही चुकवायचा नाही. एकदा हा रोग सुरू झाला की जगात कोणाकडे औषध नाही, हे याला नीट सांगा."

मी सांगतच होते, तेवढ्यात माझा फोन वाजला. कोंडे होता. 

"मॅडम, गेला तो. तडफडला लई. मी समोरच हुतो."

मी बरं म्हणून फोन ठेवला. लियांग माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याला भाषेची गरज नव्हती.

"कुत्रा?" त्याने विचारलं.

खोटं बोलायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण त्या डोळ्यांपुढे ते टिकलं नसतं.

"गेला," मी म्हटलं.

त्याने नर्सच्या हातातून आपला हात काढून घेतला. ओल्या हातावर बाही ओढली, गुंडी लावली. "मग आता गरज नाही," तो म्हणाला. "औषध वाया घालवू नका. मला मुलीला फोन करायचा आहे." आणि तो दाराकडे वळला.

"अरे, हा निघाला कुठे?" डॉक्टरीणबाई ओरडल्या. "त्याला अडवा!"

मी दारात आडवी झाले. सांगितलं, विनवलं, डॉक्टर काय म्हणाल्या ते पुन्हा सांगितलं. तो शांतपणे मान हलवत होता, निकाल लागलेल्या माणसासारखा. मला रडू फुटलं.

आणि माझ्या मागे धप्पकन आवाज झाला. खुटवडमामा भिंतीला टेकून खाली बसले होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पिंट्या गेला व्हय, बाई?"

"गेला, मामा."

त्यांनी खाकी पॅन्टचा पाय वर ओढला. नडगीवर तसेच दात. तसाच चुना.

"आधी मला चावला," ते म्हणाले. "मला सोडवाया ह्यो पळत आला आन त्यानं ह्याचा हात धरला. म्या म्हनलं, कुनाला सांगू नगंस. कुत्रं म्या पाळलंय, सायेब मला घरी घालवतील. धा दिसाचं त्याला सांगितलं, ते खरं तर मी माझ्याच जिवाला सांगत हुतो."

मी लियांगकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

"मी तिथेच होतो," तो म्हणाला. "मामा नको म्हणाले, म्हणून नाही सांगितलं. एक कुत्रा, दोन माणसं. मी दोघांसाठी भरवत होतो."

डॉक्टरीणबाई मामांपाशी वाकल्या होत्या. "उठा आजोबा, तुम्हालाही आत्ताच टोचायचं आहे."

"मला नगं," मामा म्हणाले. "माझ्यापायी चावून घेतलंय त्यानं. त्याला तसंच माघारी घालवू आन म्या सुई टोचून घरला जाऊ? कंच्या तोंडानं? त्यानं घेतलं तर घीन."

हे मी लियांगला सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. माझं इंग्रजी आणि माझं रडणं एकच झालं होतं.

लियांग मामांच्या पायाकडे बघत राहिला. मग त्याने डॉक्टरीणबाईंकडे बोट केलं. "त्यांना विचारा. कुत्रा मेला, तरी मामा वाचतील?"

"वाचतील."

"नक्की विचारा."

मी विचारलं. बाई म्हणाल्या, "हा सुईसाठी बसला तर दोघंही. उभा राहिला तर दोघंही नाहीत."

पुढे महिनाभर ते दोघं एकाच गाडीने पुण्याला जात राहिले, एकही डोस न चुकवता, आणि दोघंही वाचले. पिंट्याला ज्यांनी ज्यांनी हाताने भरवलं होतं त्या सगळ्यांना कोंडेने लस टोचायला धरून धरून नेलं. पण एवढी वर्षं झाली तरी मला त्यातलं सगळ्यात जास्त आठवतं ते बाईंच्या उत्तरानंतरचं. लियांगने खाली वाकून मामांना काखेत धरून उठवलं आणि टेबलावर बसवलं. त्यांच्या पॅन्टचा पाय त्याने स्वतः नीट दुमडला. "मामा फर्स्ट," तो नर्सला म्हणाला. सुई टोचली तेव्हा मामांनी डोळे मिटून त्याचा दंड गच्च धरला होता. मग तो त्यांच्या शेजारी बसला, बाहीची गुंडी काढली आणि हात पुढे केला.